गावाचा इतिहास कोठे शोधावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांतील बरीचशी पत्रे आपापल्या गावाच्या इतिहासाविषयी आहेत. कोणाच्या गावी देवळाचा जीर्णोद्धार निघाला आहे, कोणाच्या घरी वाटणीच्या वेळी जुनी पेटी उघडली गेली आहे, तर कोणाला स्मरणिकेसाठी मजकूर जमवायचा आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची व त्यांच्या गावांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावच्या भैरवनाथाच्या देवळामागे सात-आठ कोरीव दगड वर्षानुवर्षे पडून आहेत. त्यांवर घोडेस्वार, ढाल-तलवार घेतलेली माणसे, पिंड अशी चित्रे आहेत. एका दगडावर नुसता हात कोरलेला आहे आणि एकावर गाढव आहे. देवळाचा जीर्णोद्धार सुरू होणार आहे. काही मंडळींचे म्हणणे, दगड नव्या सभामंडपाच्या पायात घालावेत. काहींचे म्हणणे, रंग देऊन दाराशी सिमेंटमध्ये बसवावेत. हे दगड कसले आहेत आणि त्यांचे काय करणे योग्य ठरेल? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हे बहुतेक वीरगळ आहेत, हाताचा दगड म्हणजे सतीशिळा आणि गाढवाचा दगड म्हणजे गद्धेगाळ असावा. तीन निरनिराळ्या प्रकारचे दगड एकाच आवारात सापडावेत, ही आपल्या गावाच्या दृष्टीने मोठी मोलाची गोष्ट आहे, आणि म्हणून पायात घालण्याचा विचार ग्रामस्थांनी कृपा करून सोडून द्यावा, एवढे आधीच सांगतो.

गावासाठी, गुरांसाठी किंवा धन्यासाठी लढताना जो मेला, त्याच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रातील बरेचसे वीरगळ शिलाहार आणि यादव यांच्या काळातील, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकांतील मानले जातात, पण ही प्रथा त्यानंतरही चालू राहिली. वीरगळ नेहमी खालून वर वाचावा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला असतो. त्याच्या वरच्या चौकटीत लढाईचा प्रसंग असतो. त्याच्याही वर अप्सरा त्याला हात धरून स्वर्गाकडे नेताना दिसतात. आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य कोरलेले असतात, कारण चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिकावी अशी ती इच्छा आहे. खालच्या चौकटीत गाईंची रांग दिसली, तर तो वीर गावाची गुरे सोडवताना मेला असे समजावे. त्या काळी शत्रूच्या गावातील गोधन वळवून नेणे हा लढाईचाच एक प्रकार होता आणि ते परत आणणे हे गावाच्या जीवन-मरणाचे काम होते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर चक्क वल्ह्यांच्या गलबतांची झुंज कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील समुद्रावरच्या लढाईशी तिचा संबंध जोडला जातो. आपल्याच जिल्ह्यात वाई तालुक्यातील किकली गावी भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात पुष्कळ वीरगळ आहेत. ग्रामस्थांनी एकदा तेथे जाऊन ते पाहावेत. नंतर आपल्या देवळामागच्या दगडांकडे पाहण्याची दृष्टी निश्चितच बदलेल.

कर्नाटकातील वीरगळांवर पुष्कळदा वीराचे नाव, गाव आणि प्रसंग कोरलेला असतो. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मात्र मुके आहेत. त्यामुळे हा दगड कोणत्या शेताच्या बांधावर, कोणत्या वाटेवर, कोणत्या शिवेपाशी उभा होता, हीच काय ती त्याची कागदपत्रे. तेथून तो हलला की त्याचा निम्मा इतिहास गेला, आणि पायात गाडला की उरलेलाही गेला.

कोपरात वाकवून वर केलेला, बांगड्या भरलेला हात ही सतीची खूण आहे. ज्या प्रथेने एका जिवंत स्त्रीला चितेवर नेले तिचा गौरव करण्याचे काहीही कारण नाही. पण त्या बाईची आपल्या गावात उरलेली ही एकमेव नोंद आहे आणि ती पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गद्धेगाळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गावोगावी लाजेपोटी नेमके हेच दगड पालथे घातले जातात किंवा फोडले जातात. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने एखाद्या देवळाला वा ब्राह्मणाला जमीन किंवा धान्य दान दिले की त्याचा लेख दगडावर कोरीत, वर चंद्र-सूर्य काढीत आणि हे दान जो मोडील त्याला शाप म्हणून खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प कोरीत. शिवी दान मोडणाऱ्याला, पण तिचा विषय त्याची आई, हेही त्या काळाचे वास्तव आहे आणि ते झाकून ठेवून इतिहास स्वच्छ होत नाही. अलिबागजवळच्या अक्षी या लहानशा गावातील शिलालेख असाच गद्धेगाळाचा आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या दगडाची नोंद आहे, वर चंद्र-सूर्य, मध्ये नऊ ओळी आणि खाली गाढवाचा शाप अशी. पुढे जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरील काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला आणि रस्त्याच्या कडेचा हा दगड मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक म्हणून प्रसिद्धीला आला. या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण लेख शिल्लक आहे म्हणूनच मतभेद होऊ शकतात. आपल्या गावच्या गाढवाच्या दगडावर मधल्या भागात पुसट अक्षरे आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे. त्यासाठी सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना दगडापाशी जावे, कारण भर दुपारी जी अक्षरे दिसत नाहीत ती तिरप्या उजेडात सावलीने उठून दिसतात. ढगाळ दिवस असेल तर अंधार पडल्यावर एका बाजूने विजेरी आडवी धरली तरी चालते. अक्षरांत खडू, पीठ किंवा भस्म भरू नये. आपण भरतो ते आपल्याला जे वाटते तेच, आणि पुढच्या माणसाला मग तेच दिसू लागते.

आता प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी. कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक दगडाची जागा, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, उंची-रुंदी-जाडी आणि चारही बाजूंची छायाचित्रे यांची नोंद करावी. गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे की या दगडांना ते काय म्हणत होते, कोणते घर लग्नकार्यात त्यांना नारळ ठेवते आणि दगड पूर्वीपासून येथेच होते की शेतातून आणले. तेलाचा रंग मुळीच देऊ नये. त्याच्या थराखाली कोरीव काम बुजते आणि दगडातला ओलावा आत कोंडून पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. तारेचा ब्रश, आम्ल आणि हल्ली देवळांवर सर्रास मारला जाणारा वाळूचा फवारा ही तर दगडाची कातडी सोलण्याची साधने आहेत. शेवाळ फार असेल तर साधे पाणी आणि मऊ कुंचला, यापलीकडे जाऊ नये. शेंदराचे जुने पुट खरवडू नये. दगड हलवणे अगदीच भाग असेल, तर त्याच आवारात ओटा बांधून वाळूच्या थरावर ते उभे करावेत आणि वर साधे छप्पर घालावे. सिमेंटमध्ये पक्के करू नयेत, कारण सिमेंटमधील क्षार पाण्याबरोबर दगडात चढतात आणि पुढे कधी दगड काढायचा झाला तर तो तुटूनच निघतो.

देऊळ संरक्षित स्मारक आहे का, याची राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाकडे आधी चौकशी करावी. ते १९५८ च्या केंद्रीय किंवा १९६० च्या राज्य अधिनियमाखाली येत असेल, तर परवानगीशिवाय तेथे वीटही हलवता येत नाही. ते संरक्षित नसले तरी १०० वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. हे सर्व ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि दगड जपण्याचा ठराव इतिवृत्तात घ्यावा. जीर्णोद्धार समित्या बदलतात, ठराव मात्र राहतो.

प्रश्न : आमच्या घराण्याकडे पूर्वी कुलकर्णीपण होते. वाड्याच्या वाटणीत माळ्यावर एक पेटी निघाली, तिच्यात कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. घरात कोणालाही मोडी येत नाही. एका नातेवाइकाने सर्व कागद प्लास्टिकमध्ये पक्के करून घेण्याचा सल्ला दिला आहे. यांत जमिनीचे काही निघेल का आणि कागद कसे ठेवावेत? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : कागदावर प्लास्टिकचा थर चढवण्याचा सल्ला कृपया मानू नका. त्या उष्णतेने आणि डिंकाने कागद कायमचा जखडला जातो व पुढे कोणताही तज्ज्ञ त्याला सोडवू शकत नाही. चिकटपट्टीही लावू नका. ज्या कापडात गठ्ठे बांधलेले आहेत त्याला रुमाल म्हणतात आणि जुने दफ्तर ठेवण्याची ती पद्धत आजही उत्तमच आहे. फक्त कापड धुतलेले, सुती आणि कोरडे असावे.

दुसरी गोष्ट म्हणजे गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका. उत्साहाच्या भरात सारी पेटी सतरंजीवर ओतली जाते आणि दोनशे वर्षे एकत्र राहिलेले कागद एका दुपारी विखुरतात. ज्या रुमालात जो कागद ज्या कागदाशेजारी होता, त्यावरून पुष्कळदा त्याचा संदर्भ लागतो. म्हणून रुमालांना क्रमांक द्यावेत, एका वेळी एकच रुमाल उघडावा, खिडकीच्या उजेडात प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि तो होता तसाच परत ठेवावा. कागद कोरा दिसला तरी पाठ जरूर पाहावी, कारण तो कशाबद्दलचा आहे याचा शेरा अनेकदा पाठीवरच असतो.

कुलकर्ण्याच्या दफ्तरात सामान्यतः गावाचा जमाखर्च, ताळेबंद, लावणीपत्रके, शेतांची त्यांच्या थळांच्या नावानिशी नोंद करणारे थळझाडे, कर्जाची खते, वतनाच्या वादांतील निवाडे आणि ओसाड पडलेल्या जमिनी पुन्हा लावणीला आणण्यासाठी दिलेले कौल असे कागद असतात. कौलाचा कागद सापडला तर तो जपून वाचवून घ्या. लढाई, लूट किंवा दुष्काळ यांमुळे गाव परागंदा झाले की सरकार पहिली काही वर्षे हलका सारा ठरवून देई आणि तो दरवर्षी थोडा थोडा वाढवीत पूर्ण आकारावर आणी. त्याला इस्तावा म्हणत. अशा एका कागदावरून आपले गाव केव्हा उठले आणि केव्हा पुन्हा बसले हे कळू शकते. ही हकीकत कोणत्याही बखरीत मिळणार नाही.

कालगणनेविषयी थोडे सांगतो, कारण तेवढे कळले की मोडी न येणाऱ्यालाही वाचून घेतलेल्या कागदाचा काळ लावता येतो. मराठेशाहीतील कागदांत शके असतो, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पुष्कळ ठिकाणी वर्ष आकड्यांत नसून अरबी शब्दांत लिहिलेले असते, उदाहरणार्थ ‘तिसा खमसैन मया व अलफ’. तिसा म्हणजे नऊ, खमसैन पन्नास, मया शंभर आणि अलफ हजार; एकूण ११५९. हा सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत रूढ असलेली अरबी शब्दांतली कालगणना, असेल तर त्यात ५९९ मिळवावेत, म्हणजे १७५८ च्या मृगापासून १७५९ च्या मृगापर्यंतचे वर्ष निघते. हे वर्ष पेरणीबरोबर सुरू होई, म्हणून त्याला मृग सालही म्हणत. तोच आकडा फसली, म्हणजे महसुली, सनाचा असेल तर मात्र ५९० मिळवावे लागतात आणि काळ १७४९-५० असा येतो. सन कोणता हे न पाहता केलेल्या बेरजांमुळे अनेक घराण्यांच्या वंशावळी पिढीच्या पिढी पुढे-मागे झालेल्या आहेत.

महजर सापडला तर त्याच्या शेवटाकडे विशेष लक्ष द्यावे. गोतसभेने, म्हणजे वाद मिटवण्यासाठी जमलेल्या वतनदार व गावकऱ्यांच्या सभेने, दिलेल्या निर्णयाच्या या कागदावर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत हजर असलेल्यांची नावे असतात आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या नावापाशी सहीऐवजी निशाणी असते. कुणब्याच्या नावापाशी चिमुकला नांगर काढलेला असतो आणि इतर कारागिरांच्या नावापाशी ज्याचे त्याचे हत्यार. ज्या माणसांचे एकही चित्र, एकही वाक्य उरलेले नाही त्यांचा हा हातचा शिक्का पाहताना अंगावर काटा येतो. हे चित्र पाहण्यासाठी मोडी यावी लागत नाही.

जमिनीविषयी आपण विचारले आहे. जुन्या कागदांवरून आज जमिनीवर हक्क सांगता येईल, अशी आशा बाळगू नये. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने इनामांची तपासणी केली, पुढे पैमाइशी, म्हणजे जमिनीच्या मोजण्या, झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर वतने कायद्यानेच खालसा झाली. शिवाय वतनाच्या भांडणांत बनावट कागद तयार करण्याचे प्रकारही पूर्वी होत असत, त्यामुळे आपल्या घराण्याच्या बाजूचा कागद निघाला म्हणून तो खराच, असे धरून चालू नये. गावाचा दुसरा धागा तपासण्यासाठी पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे जुन्या पेशवे दफ्तरात, आपल्या परगण्याचे रुमाल पाहता येतात. मोडी वाचून घेण्यासाठी पुण्यात वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ या संस्थांशी पत्रव्यवहार करावा. त्याहूनही चांगले म्हणजे घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने मोडी शिकावी. देवनागरी येणाऱ्याला थोड्या महिन्यांच्या नियमित सरावाने ती वाचता येऊ लागते.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने नुकतीच स्मरणिका काढली. पाटील घराणे, देऊळ आणि जत्रा यांवर पानेच्या पाने आहेत. आमच्या बौद्ध वस्तीबद्दल एक ओळ आहे. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘तुमच्याकडे लिहिलेले काही आहे का?’ आमचा इतिहास खरोखरच कोठे लिहिलेला नाही का? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : लिहिलेला आहे, आणि आपल्याला ज्यांनी हा प्रश्न केला त्यांच्याच दफ्तरात लिहिलेला आहे.

जुन्या गावात हद्दीचा वाद निघाला की शीव दाखवण्याचा मान महार वतनदाराचा होता. शिवेवरचे दगड, ओढे, झाडे त्याला पिढीजात ठाऊक असत आणि त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. म्हणून शिवेच्या निवाड्यांत, महजरांत आपल्या पूर्वजांची नावे निशाणीसह सापडतात. येसकर म्हणून वेस राखणे, सरकारी वसूल ठाण्यावर पोचवणे, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत सोबत करणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे ही सगळी कामे महारकीत येत. त्याच्या मोबदल्यात बलुते आणि हाडकी-हाडोळ्याची जमीन मिळे. मान शिवेपुरता आणि विटाळ बाराही महिने, हे या व्यवस्थेचे खरे रूप होते. ते लपवून बारा बलुतेदारांच्या गोडीगुलाबीचे जे चित्र स्मरणिकांतून रंगवले जाते, ते इतिहासाला धरून नाही असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

या वतनाने माणसाला तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात चोवीस तास राबवून घेतले, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. शेवटी ही वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. त्यामुळे आपल्या शोधाची सुरुवात तहसील कार्यालयातून करावी. इनाम वर्ग सहाच्या, म्हणजे गावकामगारांच्या इनाम जमिनींच्या, नोंदी, इनामपत्रके, जुने फेरफार आणि नष्ट झालेल्या वतनाच्या जमिनी पुन्हा देतानाचे आदेश यांत घराघराची नावे आणि गट मिळतील. कोतवाल बुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाव नमुना १४ मध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. त्या बहुधा मोडीत असून अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी त्या मोठ्या प्रमाणात तपासल्या गेल्या आहेत, त्यामुळे त्या उपलब्ध होणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. आपल्या वस्तीतील पहिला मुलगा आणि पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत गेली आणि कोणत्या इयत्तेतून कोणत्या कारणाने नाव कमी झाले, या दोन-तीन रकान्यांत एका समाजाच्या धडपडीचा इतिहास भरलेला असतो.

घरांतही पुष्कळ असते. पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. ज्यांचे पणजोबा-आजोबा पलटणीत होते त्यांच्या घरी पदके, सुटीचे दाखले, निवृत्तिवेतनाच्या वह्या असू शकतात. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ या पत्रांतून गावोगावच्या सभा, ठराव आणि बहिष्कार यांच्या बातम्या येत. त्यांचे अंक पुनर्मुद्रणांतून पाहता येतात आणि आपल्या तालुक्यातील गावांची नावे त्यांत शोधता येतात. आंबेडकरी जलशांच्या हस्तलिखित वह्या तर फार झपाट्याने नाहीशा होत आहेत. शाहीर गेला की वही रद्दीत जाते.

आणि ज्यांनी पाहिले त्यांना आजच विचारावे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आपल्या गावी दीक्षेचा कार्यक्रम केव्हा झाला, घरातील जुने देव कोठे विसर्जन केले, मेलेली जनावरे ओढण्याचे काम कोणत्या वर्षी आणि कोणाच्या सांगण्यावरून थांबले, त्यावर गावाने काय केले, विहिरीवर पहिली घागर कोणी भरली, पहिली भीमजयंती कोठे झाली, हे सांगणारी माणसे नव्वदीच्या घरात आहेत. ही उत्तरे बोलणाऱ्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत, बोलणाऱ्याची संमती आणि तारीख नोंदवावी, आणि लिहून काढताना भाषा ‘शुद्ध’ करू नये. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा हा मजकूर तयार ठेवून तो जसाच्या तसा छापण्याची लेखी मागणी ग्रामसभेत करावी.

प्रश्न : मी जत तालुक्यातील एका वाडीवर प्राथमिक शिक्षिका आहे. पाचवीच्या मुलांकडून ‘आपल्या गावाचा इतिहास’ हा उपक्रम करून घ्यायचा आहे. पण आमच्या वाडीला किल्ला नाही, जुने देऊळ नाही, कोणी राजा येऊन गेल्याची कथाही नाही. मग मुलांनी लिहावे काय?

उत्तर : पाणी कोठून येत होते ते लिहावे. जत हे डफळे घराण्याचे संस्थान होते आणि ते १९४८ साली विलीन झाले, हे पाठ्यपुस्तकातही सापडेल. पण आपल्या वाडीवर आजीची आजी किती लांबून घागर आणत होती, हे सांगणारे पुस्तक नाही. ‘आजी, इतिहास सांग’ असे मुलांनी विचारू नये, कारण मग आजी शिवाजी महाराजांचीच गोष्ट सांगेल. ‘वाडीवर एसटी पहिल्यांदा केव्हा आली’, ‘दिवा लागला तेव्हा तू केवढी होतीस’, ‘ही विहीर कोणी खोदली आणि पाणी किती हातांवर लागले’ असे विचारावे. वर्ष आठवले नाही तर घटनेशी जोडून घ्यावे. आपल्याकडे ७२ चा दुष्काळ ही अशी एक पक्की खूण आहे. त्या वर्षी खडी फोडायला कोण गेले, सुकडी कशी वाटली जाई, बैल कोठे विकले, शिवारातला कोणता पाझर तलाव किंवा रस्ता तेव्हाच्या कामावर झाला, हे मुलांनी घरोघर विचारून नकाशावर मांडावे. रोजगार हमी योजनेचा उगम त्याच दुष्काळातील कामांत आहे, हे त्यांना मग वेगळे शिकवावे लागणार नाही.

आपल्या भागात हेळवी येतात. घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ सांगणारी आणि वहीत नोंद ठेवणारी ही मंडळी सुगीनंतर दारी आली की शाळेत त्यांना सन्मानाने बोलवावे. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे, गावे आणि कधी कधी त्यांचे स्वतःचे हस्ताक्षर मिळते. कोणाचे पालक तिकडे जाणार असतील तर त्यांच्यावर हे काम सोपवावे.

जात्यावरच्या ओव्या विसरू नयेत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतून बाईच्या नजरेने दिसणारे माहेर, सासर, वारी, दुष्काळ, अगदी बाबासाहेबांच्या सभादेखील आपल्यापुढे येतात. वाडीवर जाते असेल, ओवी म्हणणारी एक जरी बाई असेल, तरी मुलांनी तिच्याकडे जावे. मात्र पुढ्यात जाते ठेवून आणि दाणे घालूनच तिला म्हणायला सांगावे. हात फिरू लागल्याशिवाय ओवी आठवत नाही असे या बाया स्वतःच सांगतात.

वेशीत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल तर तीही वाचावी. पहिल्या महायुद्धानंतर ज्या गावांतून माणसे लढाईवर गेली तेथे, किती गेले आणि किती परत आले नाहीत, एवढेच लिहिलेल्या पाट्या बसवल्या गेल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्या गावच्या नावापुढे आज ‘मिलिटरी’ लागते ते त्याच परंपरेमुळे. पाटीवर आकडा असतो, नावे नसतात. नावे शोधणे हा पाचवीच्या मुलांना जमण्यासारखा आणि वर्षभर पुरणारा उपक्रम आहे.

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या पायऱ्यांच्या विहिरीतील गाळ उन्हाळ्यात तरुण मंडळ काढणार आहे. यंत्र लावावे का? कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : यंत्र लावू नये, निदान पायऱ्यांच्या आणि भिंतींच्या जवळ तरी नाही. अशा पायऱ्यांच्या विहिरीचे, म्हणजे बारवेचे, बांधकाम पुष्कळदा चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून केलेले असते आणि यंत्राच्या एका धक्क्याने देवळीची, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्याची, चौकट निखळते. गाळ थराथराने, घमेल्याने काढावा आणि चाळून टाकावा. त्यात देवळ्यांतून पडलेल्या मूर्ती, मोटेचे दगड, भांडी, नाणी निघतात. १० रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणून मंडळाने आरंभीच तलाठी आणि ग्रामसेवक यांना लेखी कळवून ठेवावे. भिंतीत उगवलेले पिंपळ-वड उपटू नयेत, मुळांबरोबर दगड बाहेर येतात. ते बुंध्याशी कापून पुढचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. बारवेला एकच वाट आहे की दोन, तीन, चार, हे नोंदवावे, कारण शिल्पग्रंथांत त्यावरून नंदा, भद्रा, जया आणि विजया असे प्रकार सांगितले आहेत.

प्रवेशाच्या कमानीवर आणि आतल्या भिंतीवर लेख आहे का ते शेवाळ निघाल्यावर नीट पाहावे. साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटांची विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतली, हे तेथील शिलालेखामुळेच आज सांगता येते. पाणी उपसताना ते एकदम तळाला नेऊ नये. आतल्या पाण्याचा आधार अचानक गेला की मागच्या ओल्या मातीचा दाब भिंतीवर येतो. रोज थोडे उपसावे आणि भिंतीला कोठे पोट सुटते आहे का, हे प्रत्येक सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. विषारी वायूची शक्यता असते, म्हणून खोल भागात कोणालाही एकट्याने उतरू देऊ नये.